लोणच्याची बरणी

कॅसल हिल, रविवार

ती. आईस नमस्कार,

आम्ही बरे आहोत. सिगारेट सोडून मला अकरा दिवस झाले.

डॉक्टरांचं सांगून झालं, तुझ्या सुनेचं रडून झालं, पाकिटावरचे सडक्या पायांचे फोटो रोज बघत होतो. मी ढिम्म! तू इथे येऊन घातलेलं लोणचं संपलं, त्या बरणीत पाणी घालून मी गॅरेजमागे थोटकं टाकायचो. तुझ्या नातीने, मयूराने, आजीचं लोणचं समजून त्या काळ्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. भडाभडा ओकली गं. शी! माझीच मला किळस आली.

आता खेळतेय, काळजी नको. लोणचं दिसलं की मात्र तोंड फिरवते.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांची राखेची वाटी अजून तूच धुतेस ना? आजपासून त्यांनाच धुवू दे.

तुझा,
यतिन