वायरचा घ्यावा की बिनवायरचा

२ डिसेंबर
गंगा हैदराबादला निघाली. कायमची. माझी धाकटी जाऊ. येळवस, म्हणजे शेतात जेवायची अमावास्या, झाली की तिचा मुलगा श्रीशैल गाडी घेऊन तिला न्यायला येणार. मला काही वाटलं नाही. रात्री जेवण गेलं नाही ते वांग्यामुळे.
नव्या सुना होतो तेव्हा सासूबाई झोपल्या की आम्ही दोघी भावजींनी आणलेला व्हिडिओ गेम खेळायचो. काय प्रेम होतं. एकदा तिचा पुढचा दात माझ्या कोपराला लागून पडला, तरी तिनं कुणाला सांगितलं नाही. ठरवलं: तसला गेम परत आणायचा. ती इतकी रमली पाहिजे की श्रीशैलला म्हणेल, तू जा बाबा.
आणि हात उचलायचा नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, लेडी कधी आवाज चढवत नाही. आवाज मी कधीच चढवलेला नाही.

४ डिसेंबर
बाजारात गुरुसिद्धप्पांचं दुकान. तीन प्रकार. एक हातात धरायचा, स्क्रीन त्यातच. दुसरा बिनवायरचा, टीव्हीला मागून काडी खोचायची, आत हजारो गेम. तिसरा जुन्यासारखाच: कॅसेट, वायरीचे दोन रिमोट, बंदूक.
गुरुसिद्धप्पांनी विचारलं, "नातवाला का, अक्का?" म्हटलं, जावेला. म्हणाले, "मग हेल्मेट बी दाखवू का?" उमरग्यात लोकांना प्रेम कळत नाही.
हातातला घेतला. खेळणारी एकच, मग भांडण होणार कुणाशी?

५ डिसेंबर, संध्याकाळ
गंगा जेवून बसली ती सोडेचना. दोनदा प्लीज म्हटलं. तिसऱ्यांदा तिची बोटं एकेक करून उलगडावी लागली. ती मनगटाला चावली. मी फक्त वेणी ओढली. खेळणं फरशीवर पडलं, स्क्रीन तडकली.
हळद लावताना सून शिवप्रिया म्हणाली, "आई, वय काय तुमचं?" म्हटलं, माझं अठ्ठावन्न, तिचं सत्तावन्न. दात मात्र एक सोडून सगळे शाबूत.
चूक मशीनची. एकटीनं खेळायची वस्तू मुळातच स्वार्थी.

९ डिसेंबर
बिनवायरचा आणला. पूर्वी एकदा तिनं वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळली होती. वायरच नसली तर धोका कसला?

१० डिसेंबर
वायर नसली की रिमोट लांब जातो. हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. मी गंगाच्या दिशेनं हलकेच फेकला. ती वाकली. मागं टीव्ही होता.
हे म्हणाले, "या दोघींना वेगळ्या दावणीला बांधा." तशा आम्ही दोघी त्यांच्यावर धावलो. त्यांचा चष्मा अजून सापडलेला नाही. किती वर्षांनी गंगा आणि मी एका बाजूनं होतो.

१३ डिसेंबर
तिसराच योग्य, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. गुरुसिद्धप्पा म्हणाले, बंदूक फक्त जुन्या डब्बा टीव्हीवर चालते, पातळ टीव्हीवर नाही. आमच्याकडं पातळ टीव्ही राहिलेलाच नाही. देवाची योजना.
गोदामातला डब्बा काढला. चालू होईना. दोन थपडा दिल्या, चित्र आलं. मायेनं सांगितलं की ऐकतात.

१९ डिसेंबर, येळवस
भज्जी, आंबील घेऊन सगळे शेतात गेले. माझं डोकं दुखत होतं. गंगा म्हणाली, "अक्कापाशी कुणीतरी पायजे." सून आम्हा दोघींकडं बघून विळी आणि लाटणं कपाटात कुलूपबंद करून गेली.
गेम लावला, टीव्हीवर बदकं उडाली. आधी बंदूक कुणाची, एवढाच प्रश्न होता. पुढचं नीट आठवत नाही. तिच्या हातात माझे केस, माझ्या हातात तिचा कान. उशी फाटली. वायर दोघींच्या पायात. तिच्या खांद्यावर बंदुकीचे दोन तुकडे झाले. रक्त दिसलं. कुणाचं ते मागून कळलं, माझ्या ओठाचं.
मग दोघी फरशीवर आडव्या, धापा टाकत. तिनं पदरानं माझा ओठ पुसला. मला वाटलं, हीच वेळ. विचारलं, "आता कशाला जातीस?"
म्हणाली, "लई मजा आली अक्का. पण आता सोसंना. हाडं दुखतेत. तितं तरी कुणी मारणार न्हाय."
दमली होती म्हणून बोलली. उद्या बदलेल.

२१ डिसेंबर
गेली. गेम मी तिला प्रेमानं भेट दिला. तिनं तो आधीच पिशवीत भरला होता.
गाडीत बसताना मिठी मारायला हात पुढं केले. तिनं झटकन डोकं खाली घातलं, दोन्ही हात वर धरले. श्रीशैलनं ते बघितलं. मी तिचा पदर नीट केला, जणू त्यासाठीच हात पुढं केले होते.

२९ डिसेंबर
गंगाचा फोन. समोरच्या फ्लॅटमधल्या प्रेमाबाई रोज तिच्याकडं खेळायला येतात. हरल्या तरी टाळ्या वाजवतात. "कसं शांत वाटतंय म्हणून सांगू, अक्का." मी म्हटलं, छान. आठवड्यात कंटाळेल.
दुपारी टीव्हीवर मालिका लावली. दोन जावांचं भांडण होतं. दोघी समोरासमोर उभ्या, मध्ये हातभर अंतर. एकीचं रोखून बघणं झालं, मग दुसरीचं. जाहिराती झाल्या, परत बघणं. कुणी पुढं होईना.
"अगं, धर की तिला," मी म्हटलं.
आतून सुनेनं विचारलं, आई, कुणाशी बोलताय.
कुणाशी नाही म्हटलं.