एका चालीतला ट्रॅक्टर

सोलापूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. देवदत्त,

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कॉलेजात सहामाहीचे पेपर तपासणं चालू आहे. थोडी थंडी पडू लागलीय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटलायस, "मी रेस वाढवलीच न्हाय. ट्रॅक्टर एका चालीत होता. आप्पांनीच नीट धरलं नव्हतं." वर मला निरोप, "ताई, तू फिजिक्स शिकवतीस, तूच समजव त्यांना."

समजावते, पण तुला. नव्या ट्रॅक्टरची मारुतीला प्रदक्षिणा नातेपुत्यात बरेच जण घालतात, पण पायी चालल्यासारखी. तुला व्हिडिओ झकास हवा होता, म्हणून तू जोरात फिरवलास. चाल एकच होती, मान्य. तुझ्या लेखी त्वरण म्हणजे पायाखालची रेस. विज्ञानात चाल तीच ठेवून नुसती दिशा बदलली तरी ते त्वरणच. तू उजवीकडे वळत राहिलास. डाव्या मडगार्डवर बसलेले आप्पा सरळ निघाले आणि खाली आदळले. त्यांना वळणात ओढून धरेल असं त्या गुळगुळीत पत्र्यावर काही नव्हतं. अकरावीत हे तूही शिकलास. मार्कांपुरतं.

ही माझी चीड आहे का, असं स्वतःला बरेचदा विचारलं. नाही. चीड बरोबरीच्या माणसाची येते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बापाला एकदाही न भेटता गावभर स्वतःचं निर्दोषत्व वाटत फिरणाऱ्याची निदान कीव यावी, तर तीही येत नाही. हे लिहिणं कदाचित अन्यायाचं असेल. तरी खोडत नाही.

आप्पांबद्दल लिहायचं टाळत होते. इथं माझ्याकडे आल्यापासून जखम भरलीय. डॉक्टर म्हणतात, आता चालवा. ते उठत नाहीत. काल वॉकर पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, चेतना. देवदत्तानं झटका दिला न्हाय, मी तर घट्ट बसलो हुतो. मग ढकललं कुणी? मारुतीनंच की! माजं कायतरी पाप आसंल. देवानं पाडलेल्यानं उटू ने."

मी कागदावर वर्तुळ काढून दाखवलं.

"तुजं पुस्तकातलं झालं गं," म्हणाले. "ट्रॅक्टर त्यो चालवत हुता."

म्हणून ये. सफरचंदं नकोत. त्यांच्या कॉटपाशी बस आणि एवढंच म्हण, "आप्पा, मी जोरात वळवला."

आशीर्वाद तू येऊन गेल्यावर.

चेतना