एकाच सीटची गाडी

२३ जून २०१९

आली एकदाची! दारात उभी आहे आणि गल्लीतली सगळी पोट्टी तिच्याभोवती. दिसायला काय, तर उंटाचं पिल्लू. पाय लांब, पोट खपाटीला गेलेलं. दोन वर्षं इथे अमरावतीतल्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करता करता शुभमने ही जमवली. चिखलात उडवायची जुनी गाडी घेतली, तिची मोठी चाकं काढली. मग त्याच्या दोस्ताने, दानिशने, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या टायरच्या दुकानात तिला रेसच्या गाडीची बुटकी रुंद चाकं बसवून दिली. याला म्हणे सुपरमोटो म्हणतात.

मी विचारलं, म्हणजे काय? दानिश म्हणाला, "वहिनी, शेतातल्या मानसाले शहरातले बूट घालून देले समजा. मातीत बी पयते, डांबरावर बी पयते."

"अन् पडते कुठं?"

दोघंही हसले. शुभम जरा जास्तच.

७ जुलै

आज कळलं, हिच्यावर मला जागाच नाही!

मागची सीट कापून टाकली. पाय ठेवायचे दांडे काढले. "वजन कमी होते," म्हणे. कोणाचं वजन? माझंच ना? लग्नाआधी याच माणसाच्या मागे बसून मी वडाळीच्या तलावापर्यंत किती वेळा गेले. तेव्हा वजन नव्हतं वाटतं.

रागाच्या भरात सगळं ऐकवलं. डबा ठेवायला जागा नाही, भाजीची पिशवी अडकवायला आकडा नाही. टाकी एवढीशी — अकोल्याला जायचं तर मूर्तिजापूरला पेट्रोलसाठी थांबा. बसायला फळी. मागचा टायर दोन महिन्यांत टकला होणार. आणि आवाज! समोरच्या काकू येऊन सांगून गेल्या, "तुह्या नवऱ्याची गाडी आली का आमचं दूध नासते बाप्पा." सासूबाई असत्या तर त्यांनी कान पिळला असता. आता घरात आम्ही दोघंच, कान मलाच पिळावा लागतो.

शुभमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायलेन्सर बदलवतो."

एवढंच बदलणार.

२१ जुलै

मी चालवली. मी!

एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर नेलं त्याने. ओढणी कमरेला बांधली. सीट इतकी उंच की नुसते अंगठे टेकत होते. "क्लच हळू सोड. हळू! हळू म्हन्लं तं!" तोवर पुढचं चाक हवेत. मी अशी किंचाळले की पलीकडच्या कारखान्याचा चौकीदार धावत आला. पण खाली आलं चाक. आणि मग जे काही झालं ते मला लिहिता येत नाही. गाडी अंगाखाली आहे असं वाटतच नाही. मनात आलं की वळते. दोनच फेऱ्या मारल्या, पण दिवसभर ब्लाऊज शिवताना हात मशीनवर आणि मन त्या रस्त्यावर.

मग त्याने स्वतःचं वळण दाखवलं. वेगात येतो, ब्रेक दाबतो, मागचं चाक फरफटत बाहेर जातं. डावा पाय सरळ पुढे काढतो, बुटाचा तळवा रस्त्याला घासतो. गाडी पार आडवी आणि हा वर ताठ. बघणाऱ्याला वाटतं, गेला! पण जात नाही. वळणातून सुटतो तेव्हा त्याचा चेहरा — तसा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

हेवा वाटला. लिहून टाकते.

१८ ऑगस्ट

वऱ्हाडात वळणं नाहीत, हे शुभमचं सगळ्यात मोठं दुःख. रस्ते फूटपट्टीसारखे. चिखलदऱ्याचा घाट लांब. शेवटी एक वळण सापडलं, तेही कुठे, तर माझ्या माहेरी! दर्यापूरकडे, गावाच्या अलीकडे नाल्याच्या पुलाशी रस्ता वाकतो ना, तेच. अगदी बाबांच्या वावराला लागून. आता दर रविवारी जावयाला सासुरवाडीची आठवण येते.

बाबा, म्हणजे शुभमचे मामाजी, मात्र खूश. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून बघतात. "आनखी एक डाव जवाईबापू!" असं ओरडतात म्हणे, आई सांगत होती. गावात सगळ्यांना सांगत फिरतात, वामनरावचा जवाई गाडी आडवी करून चालवते पन पडत नाही. आई फोनवर वैतागून म्हणाली, "निंदन सोडून तमाशा पायत बसते तुया बाप."

१३ ऑक्टोबर

अकोल्याला पहिली शर्यत. क्लबवाल्यांनी मैदान घेतलं होतं, अर्धं डांबर, अर्धी माती. माझ्या नाकातोंडात धूळ, घसा बसला ओरडून. शुभम दुसरा आला!! दानिश त्याला खांद्यावर घेऊन नाचला. दानिशच्या अम्मीने, हमिदाचाचींनी, घरी नेऊन जेवू घातलं. पण शुभमला घास तोडता येईना. गाडीच्या थरथरीने बोटं बधिर झाली होती. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला लहान मुलासारखा. चाची म्हणाल्या, "बेटा, ऐसा कैसा शौक?" हा नुसता हसत होता.

डिसेंबरमध्ये नागपूरला मोठी आहे. जायचंच म्हणतो.

२७ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन आणि बाहेर पाऊस. पणत्या घरातच लावल्या. बाबांचा झेंडू झाडावरच सडला.

३ नोव्हेंबर

पाऊस थांबत नाही. बाबांचा फोन. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटले. "हिरवी गंज कोनी पायली होती का माय? आमी पायली." हसायचा प्रयत्न करत होते. खळ्यात पाय रुतेस्तोवर चिखल आहे, वाळवायचं कुठे? चार दिवस ऊन पडलं तर जे वाचेल ते वाचेल. मी म्हटलं, पडेल बाबा. काय म्हणणार?

१० नोव्हेंबर

आज कडक ऊन. शुभम अकोल्याला सरावाला जाणार होता, पण दानिशकडे ईदचा जुलूस. म्हणून दर्यापूरच्या रस्त्याला गेला.

बाबांचा फोन आला. शुभम पडला. निघते.

१२ नोव्हेंबर

अमरावतीलाच आणलं. बाबांनी जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलं. त्यांचं धोतर बघवत नव्हतं.

डावा पाय. जो बाहेर काढतो तोच. गाडी आणि पुलाचा दगडी कठडा, यांच्या मध्ये सापडला. डॉक्टर रक्तवाहिनीचं काहीतरी सांगतात. मला एवढंच समजलं की पाय गार पडतो आहे.

शुद्धीत आहे. पोलीस विचारायला आले तर म्हणाला, "काही आठवत नाही."

१३ नोव्हेंबर

दवाखान्याच्या जिन्यात बाबांनी मला थांबवलं. "माय, रस्त्यावर सोयाबीन होतं. आपलंच होतं. मीच पसरवलं."

सगळेच पसरवतात. मला माहीत आहे. मीही लहानपणी डांबरी रस्त्यावर पसरलेल्या पिकावर काठी घेऊन बसले आहे. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. गुळगुळीत गोल दाणे. चालताना माणूस घसरतो त्यावरून. आणि ते नेमकं त्या वळणावर? रविवारी?

मी म्हटलं, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?

माझ्या बापाला. पायऱ्यांवर लोक होते, सगळे बघत होते.

बाबा म्हणाले, "चुकलंच माय."

पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. माल माझा, चूक माझी.

१५ नोव्हेंबर

गुडघ्याच्या वरून काढला.

१६ नोव्हेंबर

सही मी केली. शुभमला सांगायचं कोणी, तर तेही मीच. तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बूट नवेच होते."

मी बाहेर येऊन रडले. बाबा बाकावर बसलेले होते, उठून जवळ आले. मी म्हटलं, तुमच्या चार पोत्यांसाठी माझा संसार लंगडा केला तुम्ही. आता जा. इथे येऊ नका.

गेले. चप्पल घालायचीही विसरले होते, पुन्हा परत आले, चप्पल घातली आणि गेले.

८ डिसेंबर

घरी आणलं. दोन खोल्यांचं घर एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. पलंगापासून मोरी म्हणजे कोसभर.

आज नागपूरची शर्यत होती. दोघांनाही माहीत होतं.

१५ डिसेंबर

बाबांनी दर्यापूरच्या जीपवाल्याबरोबर पिशवी पाठवली. मेथी, वांगी, घोळाण्याला हरभऱ्याचा कोवळा पाला. उघडली आणि तशीच परत दिली. जीपवाला म्हणाला, "घेऊन घ्या ना ताई, बुढा सकाळपासून गाडीजवळ उभा होता." मी म्हटलं, तू गाडी चालव.

शुभम खिडकीतून बघत होता. म्हणाला, "भाजीनं काय केलं?"

कोणाची बाजू घेतो हा? पाय कोणाचा गेला?

२२ डिसेंबर

पुन्हा पिशवी. पुन्हा परत.

५ जानेवारी २०२०

दानिश आला होता. गाडी त्याच्या दुकानामागे ताडपत्रीखाली आहे. हँडल वाकलं, टाकी चेपली, बाकी ठीक. "एक गिऱ्हाईक हाय शुभमभाऊ, अमरावतीचंच पोट्टं. काय करू?"

मी म्हटलं, वीक. आजच वीक. भंगारात घाल.

शुभम कधी नव्हे तो ओरडला, "त्या गाडीले काई म्हनायचं नाई! गाडीची चूक नाई."

"मग कोणाची? सांगा ना, कोणाची?" मी विचारलं. दानिशसमोर अहो-जाहो करते, पण आवाज चढलाच. "बाबांचीच ना?"

भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दानिश चहा अर्धा टाकून गेला.

९ जानेवारी

झोपेत त्याची कंबर हलते. डावीकडे. नसलेला पाय बाहेर काढतो. मी उशीला घट्ट धरून बघत राहते. माझ्याही अंगात तो एमआयडीसीचा रस्ता येतो, ते उचललेलं चाक येतं, आणि स्वतःचीच लाज वाटते. अजूनही मला ती गाडी आवडते! हे कोणाला सांगू?

१५ जानेवारी

संक्रांत. आई एकटीच आली, तिळगूळ घेऊन. शुभमच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चुलीपाशी बसावं तशी माझ्या मशीनपाशी बसली.

"तुया बाप जेवत नाई धड. त्या पुलावर जाऊन बसते."

मी म्हटलं, आता बसून काय उपयोग? दगड तरी लावायचे होते रस्त्यावर, काटे टाकायचे होते. माणूस तरी उभा करायचा होता वळणाच्या अलीकडे.

"मी तवा घरी भाकरी घ्याले गेली होती माय. मले काय माईत? त्याले इचारलं तं बोलतच नाई. चुकलंच म्हनते, बस." मग म्हणाली, "इतकं नोको ताणू. म्हातारा मानूस हाय."

मी म्हटलं, बाबांना सांग, मुलगी मेली समजा.

आईने तिळगुळाचा डबा तिथेच ठेवला. वाण घेतलं नाही, हळदीकुंकू घेतलं नाही, तशीच गेली. सणाच्या दिवशी आईला तशी जाऊ दिली मी. रडू येत होतं पण जिभेची धार काही केल्या जात नव्हती.

२ फेब्रुवारी

कुबड्यांवर दारापर्यंत गेला. घामाघूम. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाला, "शर्यत हाय का?" खूप दिवसांनी दोघं हसलो. मग तोच रडायला लागला. पहिल्यांदा. मी जवळ बसले. "मले माफ कर" असं काहीतरी म्हणत होता. मी म्हटलं, तू कशाची माफी मागतोस वेड्या? तुझं काय चुकलं?

तर आणखीच रडला.

१६ फेब्रुवारी

आज बाबा स्वतः आले.

बाहेर रस्त्यावर उभे होते. हाक नाही, काही नाही. हातात पिशवी. आत यायची हिंमत नसावी, मी म्हटलंच होतं येऊ नका म्हणून. फेब्रुवारीतच ऊन तापायला लागलंय, आणि समोर सावली नाही. मी पडद्याआडून बघितलं. खांदे पार उतरलेत. दाढी पांढरी. माझ्या मनात आलं, जावं. पायही उचलला होता. मग शुभमची पाटलोण दिसली, दोरीवर वाळत घातलेली, एक पाय दुमडून टाचलेली. मीच टाचते ती.

नाही गेले.

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, पिशवी काकूंच्या ओट्यावर ठेवली आणि निघाले. शुभम खिडकीत बसून ते वळणाआड जाईस्तोवर बघत होता. जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, भूक नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा समोर ठेवला. शुभम म्हणाला, "मामाजी दुपट्टा हालवत होते."

मी म्हटलं, काल? नाही, तोंड पुसत होते.

"त्या दिवशी. वळनाच्या कितीतरी अलीकडं, रस्त्याच्या मधात उभे होते. दोन्ही हातानं हालवत होते. थांबा, थांबा म्हनत पयत आले माह्याकडं. मले दुरूनच दिसलं सगळं. सोयाबीन बी दिसलं. मले वाटलं, दान्यावर मागचं चाक मस्त सरकत जाईन. मजा येईन. मी त्याईच्या बाजूनं काढली गाडी."

आठवतं? मी विचारलं. सगळं?

"पहिल्या दिवसापासून."

बाबांनी मला हे सांगितलं नाही. जिन्यात नाही, बाकावर नाही. आईलाही नाही.

दर्यापूरच्या जीपमध्ये बसून लिहिते आहे. ड्रायव्हर म्हणतो, अजून दोन माणसं आली की सोडतो. येत नाहीत. मी त्याला म्हटलं, त्या दोघांचे पैसे मी देते, तू चल.