चार नंबरचा ग्लास

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून खोटं बोलणं बंद. पूर्ण बंद. अपवाद फक्त दुकानाचा. चष्म्याची फ्रेम गिऱ्हाइकाला शोभते असं सांगणं खोट्यात धरत नाहीत, ते सर्व्हिसमध्ये येतं.

कारण साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रंगाच्या कंपनीत अकाउंट्स बघतो आणि दोन वर्षांपासून गॅरेजमध्ये बिअर बनवतो. गाडी बाहेर उन्हात, आत पिंप. रविवारी गेलो की मला एक बाटली चाखायला देतो, मी वा म्हणतो. आज म्हणाला की दादा, यंदाच्या क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलच्या स्पर्धेत मी नाव दिलंय, पहिल्या दोघांत आलो की राजीनामा टाकणार. तुम्ही इतकं मनापासून कौतुक करता म्हणून धीर झाला, असंही म्हणाला.



त्याची अगदी पहिली बाटली मी खरंच प्यायलो होतो. ओल्या गोणपाटाचा वास. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. तो समोर असेपर्यंत बाटली नुसती ओठाला लावायची, तो शेंगदाणे आणायला आत गेला की गॅरेजच्या पायरीवरच्या कुंडीत रिकामी करायची. झाड आता छपराला टेकलंय. साडूला वाटतं, खत चांगलं आहे.

म्हणजे माणूस नोकरी सोडतोय ती माझ्या शब्दावर, आणि तो शब्द मी बिअर न पिता दिलाय. उद्या खरं सांगून टाकणार.

५ फेब्रुवारी

आज सोमवार. सोमवारी कोणाचं मन मोडू नये, आठवडा खराब जातो.

७ फेब्रुवारी

मेहुणी दुकानात आली. चष्मा सैल झालाय म्हणाली. चष्मा ठीक होता. बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी. भाऊजी, ते फक्त तुमचं ऐकतात, म्हणाली. घराचे हप्ते चालू आहेत, आणि ते बिअरमध्ये घालायच्या त्या हॉप्सच्या पुड्या मोजत बसतात, तुम्हीच अडवा त्यांना.

अडवतो म्हणालो. शब्दच दिला.

संध्याकाळी साडूचा फोन. या वेळची बिअर जमून आलीय, म्हणाला. संत्र्याची साल टाकलीय, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, हो पुढे, मी आहे.

एका दिवसात दोघांना धीर दिला. दोन्ही वेळा मनापासून दिला, हे विशेष. तरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, चेहरा का असा? म्हटलं, लेन्सचा माल उशिरा येतोय.

१० फेब्रुवारी, शनिवार

फेस्टिव्हलचा आयोजक माझं जुनं गिऱ्हाईक निघाला. दाढीवाला, प्रोग्रेसिव्ह लेन्स. स्पर्धेला तीन परीक्षक असतात म्हणाला. एक हॉटेलातली शेफ, एक केमिस्ट्रीच्या निवृत्त प्राध्यापक बाई, आणि एक सर्वसामान्य रसिक. रसिकाचा पाय मुरगळलाय. तुम्ही याल का?

हो म्हटलं. रसिक म्हणजे मीच. माझ्या जिभेकडे आजवर कोणाचं लक्ष गेलं नव्हतं एवढंच.

तो गेल्यावर आठवलं की साडूही स्पर्धेत आहे. लगेच फोन करून त्याला सांगितलं. त्याला आनंद झाला, मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, ग्लासांवर नुसते नंबर असतात, माझा नंबर मी तुम्हाला सांगणार नाही. आणि दादा, तुम्ही चवीवरून ओळखाल हे मला माहीत आहे, पण नात्याकडे बघू नका. जे वाटेल ते बोला.

असं कोणी बोललं की मला स्वतःची फार लाज वाटते. अर्धा तास वाटली.

११ फेब्रुवारी

प्लॅन तयार. साडूची बिअर ओळखायची आणि दहापैकी दहा द्यायचे. उरलेले दोन परीक्षक जाणकार आहेत, त्यांना गोणपाट लगेच लागेल, ते पाडतील. म्हणजे नंबर येणार नाही. नोकरी राहील, मेहुणी खूश. दादांनी दहा दिले म्हणून साडूही खूश. आणि माझ्या दोन वर्षांच्या खोट्याचं व्याजासकट परिमार्जन.

कोणाचं काही बिघडत नाही. असा प्लॅन सुचायला मन स्वच्छ लागतं.

आज त्याच्याकडे गेलो नाही. परीक्षकाने स्पर्धकाकडे जाणं बरं दिसत नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी ८. जिभेची तयारी सुरू. शेफ मंडळी करतात म्हणे. शनिवारपर्यंत चहा, कांदा, लसूण, तिखट, सगळं बंद.

सकाळी १०.३०. चहा घेतला. चहा सवयीचा असतो, त्याची चव राहत नाही.

दुपारी. बायकोने विचारलं, पाण्याचा वास का घेताय? मी म्हणालो, सराव. ती म्हणाली, तुम्ही काहीतरी केलंय. मी म्हणालो, अजून नाही.

रात्री फ्रिजमधली माझी नेहमीची बाटली उघडली. कोपऱ्यावरच्या दुकानातली, आठवड्याला एक. सराव म्हणूनच. उत्तम लागली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी १२. मैदान. तंबू, बाकं, मनगटाला कागदी पट्टा, कानठळ्या बसवणारं गिटार. साडूचा स्टॉल कोपऱ्यात. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. मेहुणी मागे खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला बघून दोघांनी हात केला. दोघांचे हेतू वेगळे, हात सारखाच. मी दोघांनाही आश्वासक मान हलवली.

माझ्या छातीवर परीक्षक असा बिल्ला. तो शर्टच्या खिशाला लावू की कॉलरला, यात दहा मिनिटं गेली.

रात्री, घरी. बायको विचारतेय काय झालं. डोकं दुखतंय म्हणालो. ते खरं आहे.

सहा ग्लास होते. पहिला आंबट. दुसरा कडू. तिसरा आंबटही आणि कडूही. चौथा गडद, दाट, शेवटी काहीतरी फळासारखं, घोट गेल्यावरही मागे रेंगाळणारं. फार चांगला होता. आत्ता लिहितानाही आठवतोय. त्यात गोणपाटाचा मागमूस नव्हता, म्हणजे तो साडूचा नव्हे हे मी तिथेच पक्कं केलं. पाचवा विसरलो. सहावा तोंडाला लावला आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही चव मला माहीत होती. खूप जुनी ओळख. आपलाच माणूस.

सहाला दहा दिले.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेजारी बघितलं तर शेफ चार नंबर पिताना डोळे मिटून बसलेली, आणि प्राध्यापक बाई तोच ग्लास दुसऱ्यांदा उचलताना दिसल्या. माझा साडू त्या कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभा, आणि कोण कुठला चार नंबरवाला बक्षीस घेऊन जाणार? प्लॅनप्रमाणे साडू हरायलाच हवा होता, हे त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं. सहा ग्लासांनंतर माणूस नात्याला जागतो. चारला मी दहापैकी दोन दिले.

मग माईक. प्रत्येक परीक्षकाने आवडलेल्या आणि न आवडलेल्या ग्लासबद्दल दोन शब्द बोलायचे, असं आधी कोणी सांगितलं नव्हतं. सहा नंबरबद्दल मी बोललो, की यात मला एका कुटुंबवत्सल माणसाचे हात दिसतात, त्याची जिद्द दिसते. आवाज जरा भरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमुळे मी चार नंबरकडे वळलो आणि म्हणालो की हा ग्लास ज्याने बनवला त्याला वडीलकीचा सल्ला, हातात नोकरी असेल तर ती सोडू नका. लोक खूप हसले.

दाढीवाल्याने नंबर उघडले. सहा नंबर स्पर्धेतला नव्हताच. परीक्षकांची परीक्षा म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून मिसळलेली साधी बाटली. माझी. फ्रिजमधली.

चार नंबर साडू.

शेफने त्याला नऊ दिले होते, प्राध्यापक बाईंनी साडेनऊ. माझे दोन. तो तिसरा आला.

मी त्याच्या स्टॉलकडे बघितलं नाही. मागच्या गेटने आलो. पट्टा मनगटावरून निघत नाहीये.

१८ फेब्रुवारी, रविवार

फोन करणार. नऊ वाजता.

दहा वाजता.

जेवून करू.

साडूच्या घरी गेलो नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग दोन रविवार चुकले. मी त्याला दोन वर्षं फसवलं, आणि त्याची बिअर पुन्हा खरी प्यायलो ती पाडण्यासाठी. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. कुठून सौम्य करता येतं का बघितलं. येत नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी मेहुणीचा फोन. काय बोलावं कळत नाही, म्हणाली. रडत होती, पण आनंदाने. त्यांनी राजीनाम्याचा विषयच काढला नाही भाऊजी. तुम्ही शब्द पाळलात. स्वतः वाईटपणा घेतलात.

मी हं म्हणालो.

बायकोला तिनेच सगळं सांगितलं. बायकोने मला मिठीच मारली. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही भिडस्त आहात. दुपारी जेवायला गोड केलं होतं. मी ते खाल्लं. दोनदा घेतलं. याचीही लाज वाटतेय.

२१ फेब्रुवारी

साडू दुकानात आला. मी एका आजोबांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावत होतो. त्यांना ती दिसत नव्हती, माझं मन राखायला ते अक्षरं ठोकून देत होते. ते जाईपर्यंत साडू थांबला.

मग म्हणाला की दादा, तुम्ही ओळखलंत, आणि तरी बोललात. नात्याकडे बघू नका म्हणणं सोपं असतं, करून तुम्ही दाखवलंत. आणि दुकानातल्या बाटलीला दहा देण्यामागचा अर्थही मला घरी गेल्यावर कळला. बाजारात काय उभं आहे ते तुम्ही मला दाखवून दिलंत. त्या दोघींचे मार्क काय, त्या मला ओळखत नाहीत. माझी बिअर दोन वर्षं पिणारा माणूस तुम्ही एकटे.

पिंप विकायला काढलंय, म्हणाला. शनिवारी घ्यायला येतील.

मी त्याच वेळी सांगणार होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक नुसतं वेळ विचारायला आलं होतं, पण आलं होतं हे खरं.

२३ फेब्रुवारी

उद्या सांगणार. सगळं. पिंप जायच्या आत. त्याने हात उगारला तरी चालेल, बायकोने बोलणं बंद केलं तरी चालेल. मेहुणीचं काय होईल ते बघू. त्याच्या हाताला खरंच चव आहे, आणि ही गोष्ट त्याला सांगू शकेल असा मी एकटा उरलोय. असला हलकट माणूस मी नाही.

बायकोला सांगितलं की उद्या लवकर उठव. गजरही लावला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

गॅरेजमध्ये तो पिंप धूत होता. मी दारातच सुरुवात केली. चार नंबर सगळ्यांत चांगला होता, इतकं चांगलं मी आयुष्यात काही प्यायलो नाही. मी तो ओळखलाच नाही, दुसऱ्याचा समजून तुझ्यासाठी पाडला. सहा नंबर तुझा समजलो. मला चवीतलं काही कळत नाही. पहिल्या बाटलीनंतर मी तुझी बिअर कधी प्यायलोच नाही, नुसतं वा म्हणत होतो. सगळं सांगितलं, एका दमात.

तो फडकं पिळत ऐकत होता. मग हसला. डोळे भरून आले होते त्याचे. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाला, दादा, मला बरं वाटावं म्हणून किती कराल? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगाच कशाला प्रयत्न करता.

मी शपथ घेतली. तो म्हणाला, पुरे आता.

तेवढ्यात टेम्पो आला. पिंप जड होतं, ड्रायव्हर एकटाच होता. एक बाजू साडूने धरली, दुसरी मी.