वरकुट्यात विलायती ओव्यांचा सामना

वरकुटे, ता. इंदापूर
फेब्रुवारी १९९५

जिवाभावाच्या सोपानरावांना मानसिंगचा रामराम.

कौसल्यावहिनींचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? जावईबापूंचा खोकला गेला का? स्वरालीचा पुढचा दात आला का? आणि तुमचा घसा? (विचारलं शेवटी, पण आठवला तो आधी.) गेल्या यात्रेनंतर रुसून सांगवीला लेकीकडं गेलात, तेव्हापासून आपली ओव्यांची पार्टी मुकी आहे. बाकी खुशाल. आमची कारभारीण म्हाळसा माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

आमची नात छकुली पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली आणि जाताना टेप अन् दोन इंग्रजी कॅसेटी विसरून गेली. एक बीटल्स म्हणून पार्टी, दुसरी रोलिंग स्टोन्स. गडी आपल्याच वयाचे. मी दुपारी उसाच्या बांधावर बाज टाकून ऐकत पडायचो. शब्द एक कळेना. पण बीटल्सनी सूर लावला की डोळे मिटायचे, अन् आपण मेंढरं घेऊन नीरेच्या काठानं चाललोय, पुढं तुम्ही, मागं मी, धुळीत ऊन तरंगतंय, असं दिसायचं. एकानं ओळ टाकावी, दुसऱ्यानं वरच्यावर झेलावी. दुसऱ्या पार्टीचं तसं नाही. ढोल असा की बाज हलते, अन् पुढचा गडी बांधावरून भांडल्यासारखा गातो. तरी पाय ताल धरतोच (आडवा पडलेलो असूनही). छकुली म्हणते, पहिल्यांमुळं जगभरची पोरं गाणी बांधायला शिकली, दुसऱ्यांमुळं न लाजता ओरडायला. केस मात्र दोघांमुळं वाढले.

आता दोन पार्ट्या म्हटल्यावर सामना नको? सायकलवाल्या अकबरचा टेप आणला, बिरोबाच्या पारावर दोन्ही टेप समोरासमोर बसवले, भंडारा लावला, मधे जिंकणाऱ्याचा नारळ ठेवला. इकडचं एक गाणं, मग तिकडचा जबाब. गाव जमलं. म्हाळसा म्हणाली, "त्या दुसऱ्याच्या पोटात दुखतंय जणू. ओवा द्या त्याला." अकबर म्हणाला, "चाची, दुखतंय म्हणून तर खरं गातोय! तुमचं ते चौघं निस्तं पाकातलं."

मी नारळ घेऊन बीटल्सच्या टेपाकडं वळलो. तेवढ्यात अकबर म्हणाला, "तात्या, ती पार्टी कवाच फुटली की! नारळ घ्यायला येणार कोण? ही दुसरी भांडत्यात, पर अजून संगंच फिरत्यात." फुटलेल्या पार्टीला नारळ देत नाहीत, हा आपलाच रिवाज. हात तसाच राहिला. सगळं गाव बघत होतं, पण टेपाकडं नाही, माझ्याकडं.

नारळ स्टोन्सला गेला. (म्हाळसानं त्याची चटणी वाटली.)

वहिनींना नमस्कार, स्वरालीला पापा.

आपला,
मानसिंग

ता. क. चैत्रात यात्रा. आपण दोघं बसलो नाही, तर पहिल्या ओवीचा मान परगावच्या पार्टीला जाणार, असं पंचांनी ठरवलंय. गेल्या साली कर्ण्यावर अप्पानं नुसतं माझंच नाव पुकारलं. औंदा तुमचं आधी पुकारायचं, असं त्याला बजावलंय.

पुन्हा ता. क. मी काही बोलवत नाही. या असंही म्हणत नाही. पण मी ओळ टाकली की पुढची जागा रिकामी राहते, अन् ती भरायचं अकबरनं मनावर घेतलंय. माणूस सोन्याचा, सूर मात्र हवा गेलेल्या ट्यूबचा. रोज पहाटे दारात येऊन सराव करतो. तेव्हा उत्तर लवकर धाडा, सोपानराव. फार लवकर धाडा.