काच फुटल्यावर धावलेले डॉक्टर

सेंत-ओदील, न्यू ब्रन्सविक
६ नोव्हेंबर

प्रिय रोझेर,

तू बरा असशील, असं लिहायची पद्धत आहे. तुरुंगात कोण मेलं बरं असतं! नीट जेवतोस का, एवढं तरी कळव. हिवाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून घेतली. तुझा काका मदतीला आला आणि निम्मा वेळ बडबडत बसला. मटाराचं सूप केलंय, एकटीला आठवडाभर पुरेल.

काल हॉस्पिटलची बाई आली होती, सोबत वकील. गोड गोड बोलली. "मादाम, तुम्ही हॉस्पिटलवरची तक्रार मागे घ्या. मुलगा दुःखाने बेभान झाला होता, असं आम्ही कोर्टाला लिहून देतो. नाताळला घरी येईल." मी म्हटलं, "आणि माझा नवरा? तो कधी येईल?" तर म्हणते, "त्या दुपारी गर्दी होती हो." माझं डोकंच फिरलं. हातातली किटली भिंतीवर भिरकावली. वकिलाच्या कोटावर चहा उडाला. शोभलं नाही, पण बरं वाटलं.

गर्दी म्हणे! मी तुझ्या बाबांना संडासात धरून उभी होते, ते रक्त ओकत होते, तेवढ्यात 'एदमों' म्हणून त्यांचं नाव पुकारलं. ओ दिली नाही म्हणून काचेमागच्या नर्सने नावच खोडलं. "पुन्हा नोंद करा, मागे बसा." मी ओरडले, ओठ निळे पडलेत, परत तपासा! तब्येत बिघडली तर परत तपासून घेणं हा पेशंटचा हक्क आहे, असं त्यांच्याच भिंतीवर लिहिलंय रे! आणि बाबा मलाच म्हणतात, "य्वॉन, गप बस, लोक बघतायत." तसेच खुर्चीवरून खाली घसरले.

मग तू गाडी लावून आत आलास. खुर्ची उचलून काचेवर घातलीस. नर्सच्या केसांत काचा, कपाळावरून रक्त. तुला अडवायला आलेल्या सिक्युरिटीवाल्या पोराला लोळवून तोंडावर ठोसे घालत सुटलास. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि मग धावले डॉक्टर! त्या पोरासाठी. तुझ्या बाबांना ओलांडून गेले. ते तिथेच फरशीवर संपले.

आता नीट ऐक. मी त्या पोराला भेटून आले. झील नाव त्याचं. जबडा तारांनी बांधलाय, सगळं नळीने पितो. वाटलं, दार तोंडावर आपटेल. दात आवळूनच बोलला, "काकू, मी दोनदा आत जाऊन सांगितलं, बाहेर तो माणूस मरतोय, बघा. मला म्हणाले, तू तुझं दार सांभाळ." हॉस्पिटल म्हणतंय, आम्हाला कोणी कळवलंच नाही. हा एकटा साक्षीला उभा राहणार आहे, नोकरी गेली तरी. आणि तू काय केलंस तेही सांगणार आहे, काही न गाळता.

तुझ्या बापासाठी त्याने तोंड उघडलं होतं, मेल्या, आणि तू तेच फोडलंस.

सूप नि बोट लिहीत बसले, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. मी त्या बाईला नाही म्हटलंय. तक्रार मागे घेतली तर झीलची साक्ष कोणी घेणारच नाही. नाताळला तू घरी नसशील. कदाचित पुढच्याही. मला शिव्या घाल, भिंतीवर डोकं आपट. पण आधी त्याची माफी माग, मगच मला पत्र लिही.

एदमोंची बायको, आणि त्यानंतर तुझी आई,
य्वॉन