विमान प्रणितनं उडवलं

भद्रावती
डिसेंबर २००८

प्रिय प्रणित,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तुला मधेच 'ताई, एक मिनिट हं' म्हणायची सवय आहे आणि तुझं ते मिनिट पुढच्या रविवारी संपतं. कागदाला असं टांगून ठेवता येत नाही. शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.

आधी तुला हवी असलेली बातमी. तू पाठवलेलं विमान उडलं. चांगलं उडलं. उडवलं कुणी, याबद्दल मात्र घरात दोन मतं आहेत, आणि माझं मत अल्पमतात आहे.

जूनमध्ये बाबांच्या वाढदिवसाला ते खोकं आलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या खोक्यात एवढं हलकं काय पाठवलं गा पोरानं?" आत पांढऱ्या फोमचे पंख, पोटाचे दोन उभे अर्धे भाग, शेपूट, एक काळी दांडी, बारीक तारा, काडेपेटीपेक्षा लहान मोटरी आणि दोन दांड्यांचा रिमोट. वर तुझी चिठ्ठी: 'बाबा, तुम्ही बनवा, दिवाळीत येतो, मग दोघं मिळून उडवू.' नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना विसरण्याचा आजार आहे आणि त्यांचे हात कामात ठेवा असं सांगितलं, ते मीच तुला कळवलं होतं. तू लगेच हातांना काम पाठवलंस. तेव्हा मला रागही आला आणि बरंही वाटलं. राग यासाठी की मुलगा यायचा तिथे खोकं आलं. बरं यासाठी की बाबांनी कितीतरी महिन्यांनी स्वतःहून चष्मा मागितला.

पावसाळाभर आम्ही विमान बांधलं. मी शाळेतून आले की चहा, आणि चहानंतर ओसरीवर चटई. पुस्तकातलं इंग्रजी मी वाचायचे आणि हात बाबांचे. जेवल्याचं विसरणारा माणूस कानसीला हात लावताच पुन्हा कारखान्यातला फिटर व्हायचा. तारेचं टोक घासून गुळगुळीत करायचे, मग अंगठ्यानं तपासायचे, मग माझा अंगठा धरून मला तपासायला लावायचे. एकदा मी शाळेत असताना त्यांनी चपलेला लावतात ते पिवळं सोल्युशन पंखाला लावून ठेवलं. फोमला ते चालत नाही. पंखाची कड पाण्यात साखर विरघळावी तशी बसली. मी आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. बसस्टँडजवळचे बशीरभाई, ज्यांच्याकडे आपला टीव्ही जायचा ते, टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल घेऊन घरी आले. कड कापून नवा तुकडा कसा बसवायचा ते त्यांनी दाखवलं. मोटरीच्या ताराही त्यांनीच डाग देऊन जोडल्या.

त्याच दिवशी पहिल्यांदा झालं. मी तुकडा दाबून धरला होता आणि बाबा म्हणाले, "प्रणित, हलू देऊ नको गा." मला वाटलं, चुकलं असेल. विमान तुझं, म्हणून तोंडात तुझं नाव आलं असेल. बशीरभाई हसून म्हणाले, "गुणवंतराव, ये प्रणित नाही, दिव्यानी बेटी है." बाबाही हसले आणि गोष्ट तिथेच राहिली. मग पुढल्या आठवड्यात पुन्हा. मग रोज. आधी फक्त ओसरीवर विमान पुढ्यात असलं की मी प्रणित व्हायचे आणि स्वयंपाकघरात गेले की दिव्यानी. पोळ्याच्या सुमारास ताट वाढतानाही प्रणित झाले. मी चिडून सांगायचे, "बाबा, मी दिव्यानी!" तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी त्यांना त्यांच्याच घराबाहेर काढलंय. आईनं एकदा मला परसात नेऊन सांगितलं, "कायले जीव काढतं त्याईचा? हो म्हणून दे न वो. तुह्यं काय जाते?" मी हो म्हणून दिलं. आईला काय सांगणार माझं काय जातं ते.

आणि तुला सांगू, प्रणित असणं फार सोपं आहे रे. आजवर मला कल्पना नव्हती. प्रणितनं औषध दिलं की बाबा मुकाट घेतात. प्रणितनं आंघोळीला चला म्हटलं की उठतात. प्रणितला ते बरोबर बसून जेव म्हणतात, स्वतःच्या ताटातली वांग्याची फोड उचलून देतात. तीच भाजी दिव्यानीनं चौतीस वर्षं खाल्ली, पण फोड काही आली नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते ऐकलं होतं. आमच्याकडे दळणारीलाच कुत्र्याचं नाव देऊन पीठ खायला घालतात. रागावलास? रागाव. तेवढं तरी तिकडून काहीतरी येईल.

दिवाळीला तुझं 'रिलीज' आलं. तुझ्या कंपनीत काय रिलीज होतं मला माहीत नाही, तू तर होत नाहीस. बाबा रोज विमान कपड्यानं पुसायचे. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आसपास असलं काही उडवायचं नाही, हे मात्र ते विसरले नव्हते. "इथी नाई, गावाले," एवढंच म्हणायचे. म्हणून दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आम्ही तिघं धानोऱ्याकडे वारलूकाकाच्या गावी गेलो. पंख वेगळे, पोट वेगळं, सगळं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. चंद्रपूरला बस बदलली, गडचिरोलीला बदलली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे जी ह्याच्यात?" बाबा ताठ बसून म्हणाले, "विमान. पोट्ट्यानं बनवलं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. कंडक्टरनं माझ्या साडीकडे बघितलं आणि तिकिटं फाडली.

उडवायची तयारी मी केली होती. खोक्यात सरावाची सीडी होती, ती शाळेच्या कॉम्प्युटरवर लावून मी शाळा सुटल्यावर बसायचे. पंखाखाली दोन बोटं धरून विमानाचा तोलही पुस्तकात लिहिल्यासारखा बरोबर केला होता. पण गावात नवी सायकल आली तरी नारळ फुटतो, हे तर विमान. काकाच्या धान कापलेल्या बांधीत आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लिंबू-मिरची बांधली. कुठे? शेपटीला. गाडीला पुढे बांधतात, पण पुढे पंखा फिरतो, मग मागे बांधली. मी काढायला गेले तर बाबांनी माझा हात धरला, "राहू दे, मायनं तुह्यासाठी बांधलं." मंडईला आलेले पाहुणे बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे होते. मी हात मागे घेतला. काकानं विमान हातानं सोडलं. शेपूट जड, त्यामुळे ते तोंड वर करून सरळ आभाळाकडे गेलं, तिथे क्षणभर थांबलं आणि पालथं होऊन धुऱ्यावर आपटलं. नाक मोडलं. पोरं हसली.

मी तिथेच धसकटांत बसले आणि रडले, प्रणित. सगळ्या गावासमोर. चौतीस वर्षांची मास्तरीण. पावसाळ्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्या नाकात होत्या. तेवढ्यात बाबा आले, कष्टानं उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हळूहळू फिरवला. म्हणाले, "रडाचं नाई बाबू. मोडलं तं जोडता येते. तू हाये न." बाबांनी मला कधी असं जवळ केलेलं मला आठवत नाही. तुला केलेलं आठवतं. दहावीला तुला गणितात कमी पडले तेव्हा, विहिरीजवळ. मी धुणं धुवत होते, मी बघितलंय. तोच हात होता. तो माझ्या पाठीवर होता आणि तुझा होता, आणि मला तो हवा होता म्हणून मी तो तुझ्या नावावर घेतला. हलले नाही.

मग दोन ट्यूबांतला गोंद कालवून नाक जोडलं, वाळेपर्यंत काकाकडे पोहे खाल्ले, लिंबू-मिरची मी काढली आणि आईच्या समाधानासाठी रिमोटच्या पट्ट्याला बांधली. दुसऱ्यांदा विमान उडलं. बांधीवरून गेलं, मोहाच्या झाडांच्या अलीकडून वळलं, पुन्हा आमच्या डोक्यावरून गेलं. पोरं धुऱ्याधुऱ्यानं पळत होती. बाबा दोन्ही हात वर करून ओरडत होते, "पाहा, माह्या पोट्ट्यानं उडवलं! माह्या प्रणितनं!" काकाच्या शेजारच्या गिरजाबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "पोट्टा कुठी हाय भाऊ, थे तं तुमची दिव्यानी होय!" बाबा असे रागावले की काठी उगारली. वारलूकाकानं गिरजाबाईला डोळ्यानंच गप्प केलं. मग सगळेच म्हणाले, हो हो, प्रणितनंच उडवलं. मी विमान खाली उतरवत होते, त्यामुळे मला वळून बघता आलं नाही. तुझं अभिनंदन. छान उडवलंस.

इथवर मी चालवून घेतलं असतं. माणूस आजारी आहे, त्याचं मन राखायचं, हे मला कळतं. पण गावाहून आल्यापासून ते दारात बसून विचारायला लागले, "प्रणित, दिव्यानी काऊन येत नाई गा? आमची याद येत नाई का तिले?" समजतंय का तुला? तुझ्या जागी मला बसवलं तर माझी जागा रिकामी झाली. घरात राहणारी, त्यांची नखं काढणारी, रोज त्यांच्या हाकेला ओ देणारी मी, आणि न येणारीही मीच. शेजारणींना सांगतात, "पोट्टा सगळं करते, पोट्टी मात्र लग्न न करता शहरात जाऊन बसली, वळून पाहत नाई." दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी जवळ असून डोंगर झाले आणि साजरीही दिसत नाही.

मागच्या रविवारी ते हट्टालाच पेटले, दिव्यानीला फोन लाव म्हणाले. जेवेनात. शेवटी मी मोबाईल घेऊन परसात हापशीपाशी गेले आणि घरच्या फोनवर फोन केला. आईनं उचलून त्यांच्या हातात दिला. मी नुसतं 'हॅलो बाबा' म्हटलं, तर ते लगेच म्हणाले, "दिव्यानी! कुठी हायेस बाई?" एका शब्दात ओळखलं रे. इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं आणि मी हापशीच्या कट्ट्यावर खाली बसले. ते बोलत होते. म्हणाले, "तुले मास्तरकीची नोकरी लागली, तेवा मी पेढे वाटले नाई. प्रणितच्या वेळी आख्ख्या कॉलनीत वाटले. थे माह्या मनात राहून गेलं बाई. तू ये. तुह्या हातावर पेढा ठेवतो." तुझ्या अ‍ॅडमिशनचे पेढे मी लाईनीत घरोघरी दिले होते, तुला आठवत नसेल. माझ्या नोकरीच्या दिवशी बाबा 'बरं झालं' म्हणून ड्युटीवर गेले होते. मला वाटायचं, त्यांना ते कळलंच नाही. त्यांना कळलं होतं. सगळं विसरले आणि हे विसरले नाहीत. मी फोनवर म्हटलं, येते बाबा, लवकर येते.

डोळे पुसून आत गेले. बाबांनी मला जवळ बोलावलं, खुशीत होते. म्हणाले, "प्रणित, दिव्यानी येऊन राह्यली. जा, पेढे घेऊन ये तिच्यासाठी." मी चौकात जाऊन पेढे आणले. तो डबा ते कुणाला उघडू देत नाहीत, आईलाही नाही. आज ते झोपले असताना मी त्यात नवे पेढे भरून ठेवले, कारण जुन्यांना वास यायला लागला होता.

म्हणून हे पत्र. तुला दुसरं विमान पाठवायचंय म्हणालास, ते पाठवू नकोस. पैसे, डॉक्टर, नवा फोन, काही नको. तू स्वतः ये. मी आत असले की त्यांचा प्रणित घरात असतो, आणि प्रणित घरात असला की दिव्यानी दारातून येऊच शकत नाही. खरा प्रणित तिथे बसलेला हवा. ते तुला ओळखतील की नाही, मला माहीत नाही. नाही ओळखलं तर तुला वाईट वाटेल, आणि वाटू दे, मला त्याची फारशी दया येणार नाही. तू फक्त ओसरीवर त्यांच्याशेजारी बस आणि हाकेला ओ दे. मी त्या दिवशी सकाळीच बॅग घेऊन बाहेर पडेन, बसस्टँडवर थांबेन आणि दुपारच्या बसनं आल्यासारखी घरी येईन. फाटक मी वाजवीन. तू उठू नकोस. बाबांना उठू दे.

तुझीच,
दिव्यानी